चौथ्या दिशेची सावली

अकोल्यास भाऊबीजेला जाण्याचा माझा नेम आज कित्येक वर्षांचा आहे. अमरावतीहून बडनेऱ्यास यावें, तेथें गाडी धरून मूर्तिजापूर मागें टाकावें, दुपारच्या आंत अकोला गांठावें, ताईनें ओवाळलें म्हणजे तिच्या हातचे अनारसे खाऊन दुसरे दिवशीं परत फिरावें, एवढाच त्या प्रवासाचा विस्तार. गेल्या दिवाळींत मात्र त्या एका रात्रीनें मला एका जुन्या कर्जाची आठवण करून दिली. आणि तें फेडतांना जें बोलणें झालें तेंच ह्या महिन्याच्या पानांत वाचकांपुढें ठेवीत आहें.

कर्ज होतें भाचीचें. ती नऊ-दहा वर्षांची असतांना एकदां माझ्या खुर्चीच्या हाताशीं येऊन तिनें विचारलें होतें, "मामा, लांबी, रुंदी, उंची झाली, मग चौथी दिशा कोणती?" मी वर्तमानपत्रांत गढलों होतों. "चौथी मिति म्हणजे काळ," असें तयार उत्तर देऊन मीं पान उलटलें. उत्तर खोटें नव्हतें. हेर्मान मिंकोव्स्की ह्या गणितज्ञानें १९०८ सालींच अवकाश आणि काळ हे एकाच चतुर्मित विश्वाचे घटक म्हणून मांडले आहेत. परंतु पोरीनें काळाची चौकशी केलीच नव्हती. तिला हवी होती लांबी-रुंदीच्याच जातीची, जिकडे सरकतां येईल अशी आणखी एक दिशा. आणि मीं एका बरोबर उत्तराच्या आडून तिचा प्रश्न टाळला होता. त्यानंतर तिनें मला गणितांतलें कांहीं विचारलें नाहीं.

आतां ती अकरावींत शास्त्र शिकते. मी पोंचलों तेव्हां अंगणांत बसून ती आकाशकंदिलाचा सांगाडा बांधीत होती. आधींचा कंदील मांजरानें फाडला होता, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत दारावर कंदील हवाच हा ताईचा आग्रह. बारा कामट्या, आठ गांठी, साधा चौकोनी ठोकळा. कागद अजून लावावयाचा होता. तिन्हीसांजेस वीज गेली. कट्ट्यावर पणती तेवत होती, तिच्यासमोर भाचीनें तो सांगाडा धरला, आणि चुन्याच्या भिंतीवर त्याची सावली पडली: एक मोठा चौकोन, त्याच्या पोटांत एक लहान चौकोन, आणि दोहोंचे कोपरे जोडणाऱ्या चार तिरप्या रेघा.

"ह्या सावलींत तुला काय दिसतें?" मीं विचारलें.

"ठोकळा."

"भिंतीवर तर सपाट रेघा आहेत. ठोकळा कोठें आहे?"

"तो माझ्या हातांत आहे ना! म्हणून सावलींतहि तोच दिसतो."

"आणि त्या भिंतींतच जन्मलेल्या, भिंतीबाहेर कधीं न आलेल्या एखाद्या मुंगीला?"

ती थोडी थांबली. "तिला चौकोनांत चौकोन दिसेल. आंतला लहान आणि बाहेरचा मोठा. हे दोन्ही खरे म्हणजे सारखेच आहेत, आणि तिरप्या रेघाहि तेवढ्याच लांबीच्या आहेत असें सांगितलें, तर तिला तें पटणार नाहीं."

येथें मला तो जुना प्रश्न आठवला, आणि मीं आपण होऊन तो पुन्हां काढला.

वाचकहो, ही युक्ति इतकी सोपी आहे कीं ती कोणींहि घरीं करून पहावी. एक बिंदु घ्या आणि एका दिशेनें हातभर सरकवा, रेघ झाली. ती रेघ तिच्याशीं काटकोनांत असलेल्या दिशेनें तितकीच सरकवा, चौरस झाला. चौरस वर उचला; घन झाला. प्रत्येक वेळीं कोपरे दुप्पट होतात, कारण एक आरंभींची जागा आणि एक शेवटची: १, २, ४, ८. कडांचा हिशेबहि अवघड नाहीं. जुन्या कडा दोन वेळां मोजाव्यात, आणि सरकतांना प्रत्येक जुन्या कोपऱ्यानें एक नवी कड ओढली ती मिळवावी. चौरसाच्या ४ कडा आणि ४ कोपरे, म्हणून घनाच्या ८ आणि ४ मिळून १२. आतां हाच घन लांबी, रुंदी आणि उंची ह्या तिघींशींहि काटकोन करणाऱ्या एका नव्या दिशेनें सरकला असें माना. दिशा दाखवितां येत नाहीं, पण हिशेब अडत नाहीं: कोपरे १६, कडा २४ आणि ८ मिळून ३२, चौरस २४, आणि घनास जसे सहा चौरस वेढतात तसे ह्या चतुर्मित घनास वेढणारे घन ८. चार्ल्स हॉवर्ड हिंटन ह्या इंग्रज शिक्षकानें १८८८ सालीं ह्या वस्तूस 'टेसरॅक्ट' असें नांव दिलें.

आणि घनाची सावली जशी चौकोनांत चौकोन, तशी ह्या वस्तूची सावली म्हणजे मोठ्या ठोकळ्याच्या पोटांत लहान ठोकळा, आठ कोपरे आठ कामट्यांनीं जोडलेले. ही सावली सपाट नव्हे. ती आपल्या अंगणांत टांगतां येईल अशी भरीव जागेंतली सावली आहे. आंतला ठोकळा लहान दिसतो तो केवळ 'दूर' आहे म्हणून. पण तें दूरपण कोणत्या दिशेचें, हें आपल्याला त्या मुंगीइतकेंच कळतें.

भाचीनें सगळें ऐकून घेतलें आणि म्हणाली, "मामा, हे आकडे झाले. वस्तु दिसली कोठें?"

हा प्रश्न फार नेमका आहे, आणि पुष्कळ पुस्तकें तेथेंच गडबडतात. आपल्याकडे बीजगणितांत वर्ग, घन आणि त्यापुढें वर्गवर्ग अशीं नांवें शतकानुशतकें चालत आलीं आहेत. भास्कराचार्यांच्या बीजगणितांतहि वर्गवर्ग आहे. वर्गाला चौरसाचें शेत आहे, घनाला धान्याची खणी आहे. वर्गवर्गाला मात्र दाखवावयास कांहीं नाहीं. नांव आहे, गणित चालतें, रूप नाहीं. म्हणून सावली सोडून मीं दुसरी वाट धरली.

अंगणांत पाण्याचा हौद होता आणि घरांत वरुडाकडचीं संत्रीं होतीं; आंबिया बहाराचीं फळें ह्याच दिवसांत येतात. हौदाच्या पाण्याचा पृष्ठभाग हेंच ज्याचें सर्व जग आहे असा एक प्राणी कल्पावा. पाण्यावर नाहीं आणि पाण्याखालींहि नाहीं, नेमका त्या पापुद्र्यांत राहणारा. एडविन ॲबट नांवाच्या इंग्रज शाळाधिपतीनें १८८४ सालीं 'फ्लॅटलँड' म्हणून अशाच सपाट जगाची गोष्ट लिहिली आहे. आतां संत्रें वरून हळूहळू बुडवावें. त्या प्राण्यास प्रथम शून्यांतून एक ठिपका उमटलेला दिसेल, ठिपक्याचें वर्तुळ होईल, वर्तुळ फुगत जाईल, मग आकसूं लागेल आणि एकाएकीं नाहींसें होईल. त्याला वाटेल, कांहींतरी जन्मलें, वाढलें आणि मेलें. आपणांस ठाऊक आहे कीं संत्रें सबंध वेळ जसेंच्या तसें होतें. त्याच न्यायानें एखादा चतुर्मित गोल आपल्या माजघरांतून पार झाला, तर हवेंत एक राईएवढी गोळी प्रकट होईल, लिंबाएवढी, नारळाएवढी होईल आणि पुन्हां लहान होत विरून जाईल.

ताईनें मध्येंच विचारलें, "आणि गणपति?" कारण कोनाड्यांत उजव्या सोंडेचा गणपति होता आणि आमचें बोलणें ती ओटीवरून ऐकत होती. तिचा प्रश्न कोठून आला तें मला अजून कळलेलें नाहीं, पण ह्या विषयांत त्याच्याहून चांगलें उदाहरण मिळावयाचें नाहीं. कागदांतून आरपार कापलेला उजव्या सोंडेचा गणपति पाटावर कितीहि फिरवला तरी डाव्या सोंडेचा होत नाहीं. तो पाटावरून उचलून पालथा केला कीं लगेच होतो. म्हणजे दोन मितींत जें अशक्य, तें तिसरीची मदत मिळतांच एका हातानें होतें. पितळेच्या भरीव मूर्तीचें काय? ती आपल्या जागेंत कशीहि फिरवा, तिची सोंड बदलणार नाहीं. तिला उलटावयास चौथी दिशाच हवी. ऑगस्ट मोबियस ह्या जर्मन गणितज्ञानें १८२७ सालींच ही गोष्ट हेरली होती. असें उलटून आलेल्या माणसाचें हृदय उजवीकडे गेलेलें असेल, एच. जी. वेल्सनें १८९६ सालीं त्यावर एक गोष्टहि लिहिली.

त्याचप्रमाणें, कागदावर काढलेल्या चौकोनांत ठेवलेला मणि आपण रेघ न ओलांडतां वरून उचलतों. चौथ्या दिशेनें येणारा हात बंद डब्यांतला लाडू झांकण न काढतां उचलील. दोरीची गांठहि टोंकें न सोडतां सुटेल. ह्याच बळावर हेन्री स्लेड नांवाच्या माणसानें १८७७ सालीं लाइपझिग येथें, टोंकें मोहोरबंद केलेल्या दोरीला गांठी पाडून दाखविल्या, आणि त्सोल्नर ह्या नांवाजलेल्या प्राध्यापकानें त्या परलोकवासी आत्म्यांनीं चौथ्या मितींतून पाडल्या असें मानलें. स्लेडवर आदल्याच वर्षीं लंडनच्या न्यायालयांत लबाडीचा खटला झाला होता. ह्या विषयाभोंवतीं भुतांखेतांचें हें लटांबर तेव्हांपासून जें लागलें तें पुरतें सुटलेलें नाहीं. चौथी मिति म्हणजे भुवर्लोक असें सांगणारा कोणी भेटल्यास वाचकांनीं आपला लाडवांचा डबा संभाळावा.

असो. प्रश्न शिल्लकच होता: दिसलें कोठें?

त्याचें उत्तर शोधण्यास फार दूर जावें लागत नाहीं. जी गोष्ट बाहेर जाऊन पाहतां येत नाहीं, ती आंत राहून मोजतां येते, आणि तसें मोजण्याचें मोठें काम आमच्या वऱ्हाडाच्याच भूमीवर झालें आहे. विल्यम लॅम्टननें १८०२ सालीं मद्रासेजवळ पायारेषा मोजून भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ केला. ७८ व्या रेखांशाच्या आसपास उत्तरेकडे सरकणारी त्या त्रिकोणांची सांखळी म्हणजेच 'ग्रेट आर्क'. वीस वर्षें काम करून लॅम्टन नागपूरच्या वाटेवर असतां हिंगणघाट येथें २० जानेवारी १८२३ रोजीं वारला. पुढें तें काम जॉर्ज एव्हरेस्टकडे आलें. हिमालयाच्या शिखरास ज्याचें नांव आहे तोच हा. त्यानें १८३० सालीं १८ अंश ३ कलांपासून २४ अंश ७ कलांपर्यंतच्या कंसाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, त्यांतलें मधलें मुख्य ठाणें एलिचपूरच्या खोऱ्यांत, म्हणजे आजच्या अचलपुराकडे आहे. मोजणीच्या ग्रंथांत त्याचें नांव टाकळखेडा असें आहे.

त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश, हें आपण शाळेंत शिकतों. परंतु तें सपाट कागदावर. अकोला, अमरावती आणि अचलपूर ह्या तीन गांवांचा त्रिकोण घ्या. त्याचें क्षेत्र ढोबळ मानानें १,७५० चौरस किलोमीटर भरतें. पृथ्वी गोल असल्यामुळें दर १९७ चौरस किलोमीटरांमागें कोनांच्या बेरजेंत एक विकला वाढते, म्हणून ह्या त्रिकोणाची बेरीज १८० अंशांहून सुमारें ९ विकलांनीं अधिक येईल. विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग. सुमारें अर्धा टन वजनाचें थिओडोलाइट टेकड्यांवर चढवून कोन मोजणाऱ्या त्या माणसांना ही वाढ हिशेबांत धरावीच लागे. आतां पहा: हे लोक जमीन सोडून वर गेले नव्हते. आकाशांतून पृथ्वीचा गोल पाहण्यास मनुष्यास आणखी सव्वाशें वर्षांहून अधिक काळ लागला. तरी शेताच्या बांधावर उभें राहून, केवळ कोन मोजून, ज्या पृष्ठावर आपण उभे आहोंत तें तिसऱ्या दिशेंत वाकलेलें आहे हें त्यांना कळत होतें. त्यांनीं ती वस्तु पाहिली नव्हती, पण त्यांना ती ठाऊक नव्हती असें कोण म्हणेल? गौस आणि त्याचा शिष्य रीमान ह्यांनीं ह्याच विचारास गणिताचें रूप दिलें, आणि रीमाननें १८५४ सालच्या गटिंगनच्या व्याख्यानांत तो कितीहि मितींना लागू करून दाखविला.

भाची म्हणाली, "मोजतां येतें, हें पटलें. पण त्या वस्तूचा आकार कोणाच्या मनांत तरी उभा राहिला असेल कां?"

राहिला. आणि तो ज्या बाईच्या मनांत राहिला ती ह्याच एव्हरेस्टची नात. त्याच्या भावाच्या मुलीची मुलगी. मला हा योगायोग कळला तेव्हां कितीतरी वेळ मी टाकळखेड्याचा नकाशा पाहत बसलों होतों.

ॲलिशिया बूल हिचा जन्म १८६० सालीं आयर्लंडांत झाला. बाप जॉर्ज बूल; आजच्या संगणकाच्या तर्कशास्त्रास ज्याचें नांव जोडलें जातें तो. ती चार वर्षांची असतां बाप गेला. घरांत पांच मुली आणि पैसा थोडा. तिला विद्यापीठाचें शिक्षण मिळालें नाहीं. गणित म्हणावें तर युक्लिडाच्या भूमितीचीं पहिलीं पुस्तकें. वर सांगितलेला हिंटन त्या घरीं येई (त्यानें पुढें तिच्या थोरल्या बहिणीशीं लग्न केलें, त्याच्यापुढचें त्याचें चरित्र गृहस्थाश्रमास शोभणारें नाहीं, तें येथें नको). त्यानें मुलींपुढें लहान लांकडी ठोकळ्यांचा ढीग मांडला आणि त्यांच्या साह्यानें चौथ्या मितीची कल्पना करण्यास सांगितलें. इतर मुली कंटाळल्या असाव्यात. अठरा वर्षांच्या सुमाराची ॲलिशिया मात्र थोड्याच काळांत गुरूच्या पुढें गेली.

तिनें काय केलें तें नीट समजून घेण्यासारखें आहे. आपल्या जागेंत सर्व बाजू सारखे असे नियमित घन पांचच आहेत, हें ग्रीकांनाहि ठाऊक होतें. चार मितींत असे सहा निघतात. त्यांतला एक १२० द्वादशफलकांनीं वेढलेला आहे आणि एक ६०० चतुष्फलकांनीं. लुडविग श्लेफ्ली ह्या स्विस पंडितानें हें १८५२ च्या सुमारास बीजगणितानें सिद्ध केलें होतें, पण तें सबंध पुस्तक त्याच्या हयातींत छापलें गेलें नाहीं. ॲलिशियास त्याचा पत्ता नव्हता. तिनें तेच सहा आकार स्वतःच शोधून काढले. आणि संत्रें जसें हौदांत बुडतांना वर्तुळामागून वर्तुळ उमटवितें, तसे हे आकार आपल्या जागेंतून पार होतांना एकामागून एक कोणते घन उमटवितील, तें तिनें मनांत पाहिलें, आणि त्या प्रत्येकाचें पुठ्ठ्याचें प्रारूप कापून, चिकटवून तयार केलें. बीजगणिताचें सूत्र नाहीं, कांहीं नाहीं. कात्री, पुठ्ठा आणि मन.

१८९० सालीं तिचें वॉल्टर स्टॉट ह्यांच्याशीं लग्न झालें. दोन मुलें झालीं. मिळकत बेताची, दिवस घरकामांत जाई. कांहीं वर्षांनीं तिच्या वाचण्यांत आलें कीं हॉलंडांत ग्रोनिंगेन येथें पीटर स्खाउटे नांवाचे प्राध्यापक ह्याच छेदांवर लिहीत आहेत. तिनें आपल्या पुठ्ठ्याच्या प्रारूपांचीं छायाचित्रें त्यांस धाडलीं. प्राध्यापकांनीं कागदावर गणितानें जें काढलें होतें तें आणि तिनें कात्रीनें जें कापलें होतें तें, दोन्ही तंतोतंत जुळलें. ते इंग्लंडास आले, उभयतांनीं अनेक वर्षें मिळून काम केलें, तिचे निबंध छापले गेले, आणि १९१४ सालीं ग्रोनिंगेनच्या विद्यापीठानें तिला सन्माननीय डॉक्टर केलें. स्खाउटे आदल्या वर्षींच वारले होते. त्यानंतर ती पुन्हां आपल्या संसारांत दिसेनाशी झाली, ती १९३० च्या सुमारास कॉक्सेटर ह्या तरुण गणितज्ञाशीं गांठ पडेपर्यंत. साठी उलटून दहा वर्षें झालेली ती बाई आणि पंचविशींतला तो मुलगा चहाच्या टेबलापाशीं बसून चतुर्मित आकारांच्या गोष्टी करीत. १९४० सालीं ती वारली.

भाचीनें विचारलें तें अगदीं साधें होतें: "तिला त्या दिसत होत्या, हें लोकांनीं मानलें कशावरून?" तर जुळलें म्हणून. जें तिनें पाहिलें तें दुसऱ्यानें न पाहतां मोजलें, आणि दोहोंत एका कडेचा फरक निघाला नाहीं. स्लेडच्या गांठींना ही कसोटी लावून पहा.

जेवणाच्या वेळीं भावोजी आले. त्यांचा कापसाचा व्यवहार. सगळें ऐकून त्यांनीं वऱ्हाडी माणसाचा प्रश्न विचारला, "ह्याचा उपयोग काय?" मीं संत्रें सोलावयास घेतलें होतें, म्हणून त्यावरच उत्तर दिलें.

समजा, साल त्रिज्येच्या दहाव्या भागाइतकी जाड आहे. आपल्या त्रिमित संत्र्यांत सालीचा वांटा शेंकडा २७ येतो. ही लूट आपण मुकाट्यानें सोसतों. चतुर्मित संत्र्यांत तेवढ्याच जाडीची साल शेंकडा ३४ जागा खाते, दहा मितींच्या संत्र्यांत शेंकडा ६५, आणि शंभर मितींच्या संत्र्यांत लाख भागांत तीन भागहि गर उरत नाहीं. सबंध फळ म्हणजे साल. हें मात्र कोणत्याहि सावलीनें किंवा हौदाच्या उपमेनें सुचलें नसतें, आणि म्हणून उपमांवर फार विसंबूं नये असें मला वाटतें. चौथ्या पायरीपर्यंत त्या हात धरून नेतात. पुढें त्या सोडून हिशेबाचाच हात धरावा लागतो.

"शंभर मितींचें संत्रें कोणी पाहिलें आहे?" भावोजी म्हणाले.

"तुम्ही रोज पाहतां," मी म्हणालों. कापसाचा एक नमुना घ्या. धाग्याची लांबी, तलमपणा, बळकटी, रंग, कचरा, असे पांच आंकडे त्याला चिकटतात. एका आंकड्यास एक दिशा, तर तो नमुना म्हणजे पंचमित जागेंतला एक बिंदु झाला. डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठ १९६९ पासून ह्याच अकोल्यांत आहे. अशा विद्यापीठांतून वाणांची पारख होते तेव्हां प्रत्येक वाणाचे कितीतरी गुण एकाच वेळीं तोलावे लागतात. आतां असे दहा गुण घ्या, आणि ते एकमेकांवर अवलंबून नाहींत असें क्षणभर धरा. प्रत्येक गुणांत निम्मे नमुने 'मध्यम' ठरतात असें म्हटलें, तर दहाहि गुणांत मध्यम असा नमुना १,०२४ मध्यें एक निघेल. सगळे नमुने सालींत जाऊन बसतात. मधला गर रिकामा. भावोजींनीं ह्यावर बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "म्हणून सर्वांगानें सरासरी असा माल मला कधीं दिसला नाहीं." मला वाटतें, त्या रात्रीं आमच्यांत चार मितींपलीकडे सर्वांत आधीं तेच पोंचले.

संत्र्यांच्या राशीचें गणितहि असेंच आहे. एका संत्र्यास तेवढींच दुसरीं संत्रीं जास्तींत जास्त १२ टेकतात. चार मितींत २४. आठ मितींत २४०. आठ मितींत गोल अत्यंत दाट कसे रचावे ह्याची सिद्धता युक्रेनच्या मारिना व्याझोव्स्का ह्या विदुषीनें २०१६ सालीं दिली, आणि २०२२ सालीं तिला फील्ड्स पदक मिळालें. ग्रोनिंगेनच्या त्या पदवीनंतर एकशें आठ वर्षांनीं.

चौथी दिशा खरोखर आहे कीं नाहीं, असें ताईनें शेवटीं विचारलें. कालुझानें १९२१ सालीं आणि क्लाइननें १९२६ सालीं असें सुचविलें कीं अवकाशाला आणखी एक दिशा असावी, पण ती इतकी बारीक गुंडाळलेली असावी कीं आपणांस ती जाणवूं नये. दुरून दोरी नुसती रेघ दिसते, पण मुंगीला तिच्याभोंवतीं वळसा घालतां येतो, तसें. आमच्या अमरावतीच्या विद्यापीठांतील गणिती अशा पंचमित विश्वांचीं समीकरणें मांडून त्यांवर निबंध लिहीत आले आहेत. राजकमल चौकांतून जाणाऱ्या किती लोकांना हें ठाऊक असेल, देव जाणे. प्रयोगांत मात्र अशी दिशा आजवर सांपडलेली नाहीं, आणि तसें स्पष्ट सांगावें हेंच बरें.

दुसरे दिवशीं सकाळीं उठून पाहतों तों अंगणांत कामट्यांचा पसारा. भाचीनें रात्रींच्या ठोकळ्याभोंवतीं दुसरा मोठा ठोकळा उभा केला होता आणि आंतले-बाहेरचे कोपरे जोडीत होती. एकंदर बत्तीस कामट्या, सोळा गांठी, प्रत्येक गांठींत चार टोंकें. मीं चष्मा लावून तिच्या सावलींतले घन मोजूं लागलों. आंतला एक, आणि त्याच्या सहा बाजूंवर बसलेले, बाहेरच्याला टेकणारे, वांकडे झालेले सहा.

"सात भरतात," मी म्हणालों. "आठ हवेत."

"मामा, बाहेरचा मोठा तुम्ही धरलाच नाहीं," ती म्हणाली. "आपण त्याच्या आंत पाहतों, म्हणून तो दिसत नाहीं."

गाडीची वेळ झाली होती. ताईनें डबा बांधून दिला. कागद कोणत्या बाजूंना लावावयाचा ह्यावर मायलेकींचा वाद चालला होता. ताईच्या मतें फक्त बाहेरून, भाचीच्या मतें चोवीसहि चौकोनांना, आणि मग आंत दिवा ठेवणार कोठून, हा प्रश्न मी निघेपर्यंत सुटला नव्हता.